शिखराच्या गिलाव्याची लेसरने लांबून तपासणी: फ्लुओरेसन्स लायडार की साध्या स्कॅनची इंटेन्सिटी?

(एका चर्चामंचावरचा संवाद; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

चुनखडी

कृष्णाकाठच्या एका देवळाच्या दुरुस्तीचा आराखडा चालू आहे. गाभारा आणि मंडप घडीव काळ्या दगडाचे, वरचं शिखर विटा-चुन्याचं, कोनाड्यांत गिलाव्याच्या मूर्ती. काम उत्तर पेशवाईतलं. कळसाचं टोक जमिनीपासून साधारण २० मीटरवर आहे. सगळीकडून परांची बांधायची तर अंदाजपत्रकाचा मोठा वाटा तिच्यातच जाईल. त्याआधी जमिनीवरून जेवढं कळेल तेवढं कळून घ्यायचं आहे.

तीन गोष्टी हव्यात. शेवाळ, लायकेन (दगडफूल) आणि काळी पुटं नेमकी कुठे आहेत त्याचा नकाशा. मूळ चुन्याचा गिलावा कुठला आणि मागच्या दुरुस्त्यांमधली सिमेंटची ठिगळं कुठली. आणि गिलावा भिंतीपासून कुठे सुटला आहे.

१५५० नॅनोमीटरच्या लेसरचा टेरेस्ट्रियल स्कॅनर (जमिनीवर उभा करून इमारतीच्या पृष्ठभागावरच्या ठिपक्यांची अंतरं मोजणारं यंत्र) भाड्याने मिळतो आहे. स्वीडन आणि इटलीत कॅथेड्रलांवर फ्लुओरेसन्स लायडार वापरल्याचं वाचलं. तसं काही इथे करता येईल का, की स्कॅनरच्या इंटेन्सिटीतूनच काम भागेल?

परावर्तन

ही दोन यंत्रं निराळी आहेत, त्यांची सरमिसळ नको. स्कॅनर जी तरंगलांबी पाठवतो तीच परत मोजतो. त्यातून अंतर आणि परतलेल्या प्रकाशाची ताकद, म्हणजेच इंटेन्सिटी, मिळते, एवढंच. फ्लुओरेसन्स लायडार ३५५ नॅनोमीटरचा, म्हणजे अतिनील स्पंद पाठवतो आणि पृष्ठभाग त्याच्या बदल्यात जो ३८० ते ७५० नॅनोमीटरचा मंद प्रकाश सोडतो, त्याचा प्रत्येक ठिपक्यागणिक वर्णपट घेतो. पदार्थाबद्दलची माहिती त्या वर्णपटात असते.

तुम्ही वाचलंत ते काम बहुधा लुंड आणि फ्लोरेन्सच्या गटांचं. १९९४ मध्ये लुंड कॅथेड्रल, १९९७ मध्ये पार्माचं कॅथेड्रल आणि बाप्टिस्ट्री (बाप्तिस्म्याची वेगळी इमारत), २००५ मध्ये रोमला कोलोसियम आणि लॅटरन बाप्टिस्ट्री. सगळी यंत्रणा ट्रकमध्ये, छतावर फिरता आरसा, आणि लुंडला तर ५० मीटरच्याही पुढून मोजमाप. आता दगड बघा: लुंडला वालुकाश्म, पार्माच्या बाप्टिस्ट्रीला गुलाबी व्हेरोना दगड, कोलोसियमला ट्रॅव्हर्टाइन. सगळे फिकट. आपला बेसाल्ट काळा, लोहाने भरलेला. तो अतिनील प्रकाश गिळतो आणि लोह असल्यामुळे फ्लुओरेसन्सही दबतो. कोऱ्या बेसाल्टवरून जवळपास काहीच परत येत नाही. जे येतं ते पोकळ्यांत भरलेल्या झिओलाइट-कॅल्साइटचं किंवा वर वाढलेल्या जीवांचं. म्हणजे देवळाच्या खालच्या अर्ध्या भागात दगड ओळखण्यासाठी ही पद्धत निरुपयोगी, पण शेवाळ शोधायला उलट चांगली, कारण पार्श्वभूमी अंधारी मिळते. शिखराचा चुना फिकट आहे, तिथे दोन्ही जमेल.

यंत्राची रचना थोडक्यात: एनडी-याग लेसरचा तिसरा हार्मोनिक (मूळ तरंगलांबीचा तिसरा हिस्सा) ३५५, स्पंद ५ ते १० नॅनोसेकंदांचा, सेकंदाला १० ते २० स्पंद. परतीचा प्रकाश दुर्बिणीत, तिथून फायबरने स्पेक्ट्रोमीटरला आणि मग गेट असलेल्या, म्हणजे ठरल्या क्षणापुरत्याच उघडणाऱ्या, इंटेन्सिफाइड सीसीडीवर (मंद प्रकाश वाढवून टिपणाऱ्या सेन्सरवर). गेट हा या सगळ्याचा प्राण आहे. ६० मीटरवर प्रकाशाला जाऊन यायला ४०० नॅनोसेकंद लागतात. तेवढा वेळ थांबून फक्त १०० नॅनोसेकंद डोळा उघडायचा. सेकंदाला २० स्पंद असतील तर डिटेक्टर सेकंदातले दोन मायक्रोसेकंदच उघडा असतो. उन्हाचा अडथळा पाच लाखांत एक भाग उरतो, म्हणून हे लोक दिवसाढवळ्या मोजू शकतात.

वेळेचा हिशेब मात्र आधी करा. शिखराची एक बाजू १० बाय ६ मीटर धरा. १० सेंटिमीटरची जाळी म्हणजे ६,००० ठिपके. प्रत्येकावर १०० स्पंदांची सरासरी, २० हर्ट्झला ५ सेकंद. एकूण ३०,००० सेकंद, म्हणजे सव्वाआठ तास. जाळी ५ सेंटिमीटरची केली की ३३ तास. चार बाजू, त्यात आरशाचं फिरणं, जनरेटर, पाऊस. विकत घ्यायला असं यंत्र बाजारात तयार मिळत नाही, प्रयोगशाळा जोडणी करून उभं करतात. एखाद्या लेसर-स्पेक्ट्रोस्कोपीच्या प्रयोगशाळेला यात रस असेल तरच पुढे जा.

कोणी जोडणी केलीच तर वर्णपटात फसवणाऱ्या जागा या:

७१० नॅनोमीटरला टोकदार शेंडा दिसला तर तो हरितद्रव्याचा नाही. तो ३५५ चाच ग्रेटिंगवरचा (प्रकाश रंगांत फोडणाऱ्या जाळीवरचा) दुसरा क्रम, म्हणजे दुप्पट तरंगलांबीच्या जागी उमटणारी नक्कल आहे. हरितद्रव्याचे शेंडे ६८५ आणि ७३५-७४० ला येतात आणि हा मधोमध येऊन दोघांचं गुणोत्तर बिघडवतो. उपाय लाँगपास फिल्टरचा, म्हणजे लांब तरंगलांब्याच तेवढ्या जाऊ देणाऱ्या फिल्टरचा. पण साधा पिवळा काचफिल्टर अतिनील प्रकाशात स्वतःच चमकतो आणि ती चमक भिंतीची म्हणून नोंदली जाते. त्यामुळे आधी ३५५ परतवणारा डायइलेक्ट्रिक आरसा आणि त्याच्या मागे काचफिल्टर, हाच क्रम ठेवा.

४०४ ला छोटा उंचवटा आला तर भिंत ओली आहे, तो पाण्याचा रामन (रेणूंवरून विखुरताना तरंगलांबी बदललेला लेसरचाच प्रकाश) आहे. ३८७ ला आला तर हवेतल्या नायट्रोजनचा, गेट अरुंद करा.

लेसरच्या दुसऱ्या हार्मोनिकचा, म्हणजे ५३२ चा उरलासुरला हिरवा प्रकाश बीममध्ये राहिला तर सायनोबॅक्टेरियातली लाल-निळी रंगद्रव्यं त्यानेही उद्दीपित होतात आणि मग दोन उद्दीपनांची खिचडी होते.

तिसरा_डोळा

वरचं सगळं बरोबर, पण मूळ प्रश्न भाड्याच्या स्कॅनरचा आहे. १५५० ची इंटेन्सिटी नीट घेतली तर ओल हमखास सापडते, कारण पाणी त्या पट्ट्यात प्रकाश शोषतं. ओला गिलावा डोळ्यांना जेमतेम गडद दिसतो, स्कॅनमध्ये तो ठळक काळा येतो. आणि शेवाळ ओलीच्या मागे जातं, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

उभं करण्याची जागा हाच यातला कळीचा भाग. १८ मीटर उंचीवरचा भाग १० मीटरवरून बघितलात तर उभ्या भिंतीवरही आपाताचा कोन (किरण आणि भिंतीची लंबरेषा यांमधला) ६१ अंश होतो. शिखर आत कलतं, म्हणजे आणखी वाईट. ६० अंशांच्या वरचा डेटा इंटेन्सिटीसाठी फेकून द्या, भूमितीसाठी हवा तर ठेवा. २० मीटरवर गेलात की कोन ४२ अंशांवर येतो, शिखराचा १० अंशांचा कल धरला तरी ५२. घाटाच्या बाजूने जागा मिळत नसेल तर समोरच्या काठावरून घ्या, पल्ला पुरत असेल तर.

बारीक जाळीचा मोह आवरा. बीम ०.३ मिलिरेडियन (दर मीटरला ०.३ मिलिमीटर) पसरत असेल तर २५ मीटरवर नुसत्या पसरण्याने ७.५ मिलिमीटरची भर पडते. निघतानाची रुंदी धरली की ठिपका ११ मिलिमीटरच्या घरात जातो. १० मीटरला ३ मिलिमीटरची जाळी २५ मीटरला ७.५ ची होते, तेवढी पुरे. त्याहून बारीक केलं तर फाइल फुगते, तपशील वाढत नाही. केसासारखे तडे या स्कॅनमधून दिसणार नाहीत, ते टेलिफोटोने घ्यायचे.

कच्ची इंटेन्सिटी मात्र जशीच्या तशी रंगवू नका. अंतर वाढलं की ती घटते, कोन वाढला की घटते, आणि बहुतेक यंत्रं जवळच्या पल्ल्यात ती मुद्दाम दाबतात किंवा लॉगमध्ये देतात. सूत्र लावून सुधारता येतं, पण माझ्या मते सरळ मार्ग वेगळा: जमिनीत पक्क्या खुणा करा, स्कॅनर त्याच खुणेवर त्याच उंचीला दोनदा उभा करा. एकदा मे अखेरीस कोरडा, एकदा पावसाळ्यात. एकाच ठिपक्याच्या दोन्ही वेळच्या इंटेन्सिटीचं गुणोत्तर काढलं (आकडे लॉगमध्ये असतील तर वजाबाकी केली) की अंतर आणि कोन दोन्ही आपोआप उडतात, उरतो तो पृष्ठभागातला बदल. पावसाळ्यातला स्कॅन पाऊस थांबताच घेऊ नका, तेव्हा सगळंच काळं येतं. दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की वरवरचं पाणी सुकतं आणि आतून झिरपणाऱ्या जागा तेवढ्या राहतात. दोन्ही वेळी भिंतीला राखाडी मॅट रंगाची तीच फळी टेकवून ठेवा. तिचा आकडा हलला तर यंत्र हललं असं समजा.

ओल्या बेसाल्टवर परतीचा प्रकाश इतका कमी येतो की ठिपके गळतात आणि अंतरातला गोंगाट वाढतो. भूमितीसाठी खालच्या भागाचा स्कॅन कोरड्यातच उरकून घ्या.

ठोकताळा

तिसऱ्या प्रश्नाला दोघांनीही बगल दिली! सुटलेला गिलावा इंटेन्सिटीत दिसत नाही आणि फ्लुओरेसन्समध्येही नाही, दोन्ही पद्धती वरच्या कातडीपुरत्या आहेत. गवंडी हातोडीच्या मुठीने ठोकून बघतो, बद्द वाजलं की पोकळ. लांबून तेच करायचं लेसरचं साधन म्हणजे डॉप्लर व्हायब्रोमीटर. ६३३ नॅनोमीटरचा हीलियम-निऑन बीम भिंतीवर ठेवायचा, लाउडस्पीकरने ५० ते १,५०० हर्ट्झपर्यंत आवाज चढवत न्यायचा, आणि सुटलेला भाग कुठल्या वारंवारतेला थरथरतो ते वाचायचं. घट्ट गिलावा ढिम्म राहतो. सुटलेला पापुद्रा जितका मोठा आणि पातळ तितका खालच्या सुरात बोलतो. इटलीत भित्तिचित्रांवर ही पद्धत चांगली रुळली आहे.

पण तिथे खोली बंद असते. उघड्या शिखरावर वारा, रस्त्यावरचा ट्रक, देवळातली घंटा, सगळं त्या बीममध्ये उतरतं. स्पीकर आणि यंत्र वेगवेगळ्या आधारावर, शक्य तितके लांब ठेवावे लागतात, नाहीतर ट्रायपॉडचीच थरथर मोजली जाते. महागडं काम आहे. गिलाव्याच्या दोन-तीन मूर्तींपुरतं करा, पूर्ण शिखराला नको.

शिखरासाठी थर्मल कॅमेरा बास. पूर्वेकडची बाजू सकाळचं ऊन लागल्यापासून दोन तास, दर १५ मिनिटांनी एक फोटो, कॅमेरा न हलवता. पोकळ भागामागे हवा असल्याने उष्णता आत जात नाही, तो आधी तापतो. ३२० बाय २४० चा सेन्सर आणि २५ अंशांची लेन्स असेल तर २० मीटरवर एक पिक्सेल २८ मिलिमीटरचा पडतो. तीन पिक्सेल तरी हवेत, म्हणजे ८-९ सेंटिमीटरपेक्षा लहान पोकळी धरूच नका. एकट्या फोटोवर विसंबलात की फसलात: शेजारच्या उपशिखराची सावली नुकतीच सरकलेली जागा थंड दिसते आणि तिच्या कडेची जागा पोकळ असल्याचा भास होतो. मालिकेत सावली सरकते, पोकळ जागा जागेवरच राहते. ओली जागा बाष्पीभवनाने थंड राहते, त्यामुळे ओली आणि पोकळ अशी जागा या दोन परिणामांच्या मध्ये हरवते. तिथे इंटेन्सिटीचा नकाशा वर ठेवून बघा.

सिमेंटच्या ठिगळांचं सांगतो. कुठलाही लेसर लांबून 'हे सिमेंट, हा चुना' असं लिहून देणार नाही. ठिगळ घट्ट असतं, त्याच्या कडेने ओल साचते, म्हणून स्कॅनमध्ये ठिगळाभोवती काळी चौकट दिसते. ती खूण चांगली. पण वर चुन्याचे पाच हात मारलेले असतील तर सगळंच सारखं दिसेल. नकाशावरून वेगवेगळ्या दिसणाऱ्या सहा-सात जागा ठरवा, लहान शिडी किंवा बूम लिफ्टने तिथे पोचा, अंगठ्याएवढे नमुने काढा आणि पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. देऊळ संरक्षित यादीत असेल तर नमुन्यांची परवानगी पुरातत्त्व खात्याकडून आधी घ्या. दिसतो लहान तुकडा, पण तोही काढलेलाच असतो.

चुनखडी

तिघांचेही आभार. दोनदा स्कॅन आणि थर्मलची मालिका नक्की करतो. लायडारची जोडणी आमच्या आवाक्यात नाही. पण फ्लुओरेसन्सचा थोडाफार फायदा रात्री ३६५ च्या टॉर्चने आणि कॅमेऱ्याने मिळेल का? काम मे महिन्यातच सुरू करता येईल. आणि मूर्तींवर कुठे कुठे जुना रंग शिल्लक आहे, त्याला अतिनील प्रकाशाने काही होईल का?

परावर्तन

मिळेल, पण मे महिना शेवाळासाठी सगळ्यांत वाईट. वाळलेल्या लायकेनमध्ये आणि शेवाळात हरितद्रव्य असतं, पण सुकल्यावर त्याचा फ्लुओरेसन्स जवळपास बंद पडतो. भिंत काळीकुट्ट दिसत असेल आणि वर्णपट कोरा येईल. हे लायडारलाही लागू आहे, कॅमेऱ्यालाही. तेच पुट पाणी लागल्यावर काही वेळात पुन्हा लाल चमकायला लागतं. म्हणून शेवाळाचे फोटो पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घ्या. मे महिन्यात घेतलेत तर 'वाढ नाही' असा निष्कर्ष काढू नका.

ठोकताळा

मध्येच सांगतो: फोटोसाठी म्हणून मे महिन्यात गिलाव्यावर पाणी फवारू नका. तापलेल्या, क्षार साठलेल्या पृष्ठभागावर पाणी गेलं की क्षार विरघळतात आणि सुकताना पुन्हा पृष्ठभागालगत स्फटिक धरतात. मूर्तींची नाकं-बोटं त्यातच जातात.

परावर्तन

मान्य. दगडाच्या भागावर एखाद्या हातभर चौकोनात करून बघायला हरकत नाही, गिलाव्यावर नको.

कॅमेऱ्याची पद्धत: अमावास्येच्या आसपासची रात्र, आवारातले दिवे बंद. ३६५ नॅनोमीटरचा एलईडी, त्याच्या तोंडाला दृश्य प्रकाश अडवणारी काळी काच. ही नसेल तर एलईडीचा स्वतःचा जांभळट उजेड सगळीकडे पसरतो आणि प्रत्येक गोष्ट निळी चमकते आहे असं वाटतं. लेन्सवर ४१५-४२० च्या खालचं सगळं कापणारा फिल्टर. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ ४०० ते ८००, एफ/५.६, १० ते ३० सेकंद, रॉ फाइल, व्हाइट बॅलन्स एकाच आकड्यावर बांधलेला. प्रत्येक जागेचे तीन फोटो: साधा, अतिनीलमधला, आणि टॉर्च बंद ठेवून तेवढ्याच सेकंदांचा. तिसरा दुसऱ्यातून वजा करायचा.

१० मीटरच्या पुढे हातातल्या टॉर्चचा उजेड पुरत नाही. शिखराचा वरचा भाग यातून सुटणार, हे धरून चाला. शिवाय साध्या कॅमेऱ्यातला आतला इन्फ्रारेड फिल्टर ६५० च्या पुढे कापायला सुरुवात करतो, त्यामुळे हरितद्रव्याचा ६८५ चा लाल खूपच फिका येतो. तो फिल्टर काढलेला कॅमेरा मिळाला तर फरक मोठा पडतो.

काय कसं दिसेल ते ढोबळ: जिवंत शेवाळ लाल. काही पिवळ्या-नारिंगी लायकेन झगझगीत नारिंगी, तो हरितद्रव्याचा नव्हे, त्यांच्याच रंगद्रव्याचा. जुना चुना मंद निळसर-पांढरा. झिंक ऑक्साइड असलेला रंग पिवळट-हिरवा, टायटॅनियमचा पांढरा उलट काळा, कारण तो अतिनील गिळून बसतो. ठळक निळी चमक आली तर आधी अलीकडच्या रंगसफेदीवर संशय घ्या, तिच्यात ऑप्टिकल ब्राइटनर (पांढरं जास्त पांढरं दिसावं म्हणून घालतात तो चमकणारा पदार्थ) असू शकतो. चुन्यात टाकायची नीळ मात्र चमकत नाही. आणि जुन्या गिलाव्यात गूळ, बेल, उडीद असं काही घातलेलं असेल तर त्याची चमक म्हणून कुठलाही निळसर डाग त्यांच्या नावावर मांडू नका. सेंद्रिय पदार्थ बरेचसे सारखेच निळसर दिसतात, ते प्रयोगशाळेतच वेगळे होतात.

रंगाबद्दल. टॉर्चचा धोका नगण्य, दहा-वीस मिनिटं टाकली तरी ते ऊनच समजा. लेसरचा हिशेब वेगळा. १० मिलिज्यूलचा स्पंद ५ सेंटिमीटर व्यासाच्या ठिपक्यात पसरवला तर दर चौरस सेंटिमीटरला अर्धा मिलिज्यूल पडतो. १०० स्पंदांचे ५१ मिलिज्यूल, म्हणजे दुपारच्या उन्हातल्या अतिनीलचे जेमतेम दहा-पंधरा सेकंद. एकूण मात्रा किरकोळ, पण ती १० नॅनोसेकंदांच्या झटक्यांत येते, क्षणिक तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोवॉटपर्यंत चढते. हिंगूळ आणि सफेदा (शिशाचा पांढरा रंग) या बाबतीत नाजूक, काळे पडू शकतात. तिथे ठिपका मोठा ठेवायचा आणि मूर्तीवर जाण्याआधी त्याच रंगाच्या वेगळ्या तुकड्यावर चाचणी घ्यायची.

डोळ्यांसाठी ३५५ ला १० नॅनोसेकंदांच्या एका स्पंदाची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ५.६ मिलिज्यूल आहे. वरचा ५ सेंटिमीटरचा ठिपका तिच्या दहापट खाली येतो. तोच बीम १ सेंटिमीटरला आवळला की १२.७ होतो, मर्यादेच्या दुपटीहून जास्त. शिवाय एकामागून एक येणाऱ्या स्पंदांची मात्रा साचत जाते, ती वेगळी मोजायची. बीम यंत्राजवळ बारीकच असतो, म्हणून धोका भिंतीपेक्षा ट्रकजवळ जास्त. त्याच लेसरचा चौथा हार्मोनिक, २६६ वापरलात तर दिवसभराची मिळून मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला फक्त ३ मिलिज्यूल, त्याच्या वाटेला उघड्या आवारात जाऊ नका.

तिसरा_डोळा

शेवटचं, दोन्ही कामं जोडण्याबद्दल. अतिनील आणि थर्मल फोटो पॉइंट क्लाउडवर (स्कॅनमधून मिळालेल्या ठिपक्यांच्या त्रिमित नकाशावर) बसवायला समान खुणा लागतात. स्कॅनसाठी साध्या छपाईच्या कागदावर काळी-पांढरी चौकट छापून लावा. त्या कागदात ब्राइटनर असतो, त्यामुळे रात्री टॉर्चखाली त्याचा पांढरा भाग लख्ख निळा चमकतो आणि वेगळी खूण लावावी लागत नाही. फक्त आकार तळहाताएवढाच ठेवा आणि मूर्तीपासून हातभर दूर लावा, नाहीतर त्याची चमक शेजारच्या मंद डागावर पसरते. थर्मलमध्ये कागद दिसत नाही, तिथे चौकटीच्या मधोमध ॲल्युमिनियम फॉइलचा नाण्याएवढा गोल चिकटवा. चिकटवायला डबल टेप गिलाव्यावर अजिबात नको, सुटताना पापुद्रा घेऊन येतो. खुणा दगडाच्या पट्टीवर किंवा दोरीला लटकवलेल्या फळीवर ठेवा, आणि फळी वाऱ्याने हलणार नाही अशी दोन्हीकडून ताणा.